भिंत न पाहिलेल्या मॅडम

फुशारकीचे किस्से सांगून सांगून संपतात हो, लाजेचे संपत नाहीत. कुणी विचारत नाही, आपण सांगत नाही, मग ते नुसते साठत जातात. परवा आमच्या ट्रेनिंग सेंटरवर डबा खाताना विषय निघाला आणि माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत माझ्याकडे जे साठलंय त्यात मी शहाणी ठरले असा एकही किस्सा नाही! आता बसलाच आहात तर ऐका.

मी शुभांगी चौगुले. माहेर निपाणी, राहायला जे. पी. नगर, नोकरी होसकोटेला. म्हणजे दिवसातले चार तास कंपनीच्या बसमध्ये. आणि काम काय, तर कोळशाची खाण शिकवणं. बेंगळुरात! जिथे कोळसा बघायचा तर इस्त्रीवाल्याकडे जावं लागतं.

आधी मशीन समजून घ्या, नाहीतर गंमत कळायची नाही. उघडी खाण खोदत खोदत खाली गेलं की शेवटी एका बाजूला सरळसोट भिंत उरते. तिला म्हणतात हायवॉल. भिंतीच्या पोटात कोळसा असतो, पण वरचा डोंगर उपसणं परवडत नाही. मग भिंतीच्या पायथ्याशी एक अवाढव्य मशीन उभं करतात. त्याचं कटर आडवं आत शिरतं, मागून एकेक लोखंडी तुळई जोडत त्याला ढकलायचं, आणि कोळसा बाहेर आणायचा. माणूस आत जातच नाही, बाहेर केबिनमध्ये बसतो. म्हणून सगळे म्हणतात, सेफ मशीन! आहेच सेफ. फक्त डोक्यावर ती भिंत असते.

आमच्या सेंटरवर या मशीनचा सिम्युलेटर आहे. एक केबिन, एक खुर्ची, दोन जॉयस्टिक आणि समोर तीन मोठे स्क्रीन. खाणींवरून सहा-सहा ऑपरेटर आठ दिवसांसाठी येतात. सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर बघतो तो पुण्याचा चिन्मय. सेफ्टी शिकवते ती मी. आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर तुळजाराम सर. त्यांचं घराणं सात पिढ्या बेंगळुरात, मराठी बोलतात पण दर तिसरा शब्द कन्नड. चिन्मयला ते समजत नाही, चिन्मयचं इंग्रजी त्यांना आवडत नाही, त्यामुळे दुभाषी मीच.

*

पहिली बॅच. पहिला तास. मी नवी साडी नेसून, हातात लेझर पॉइंटर घेऊन उभी. विषय : भिंतीपासून सुरक्षित अंतर. शिफ्टच्या आधी भिंत तपासा, पाऊस पडून गेला की पुन्हा तपासा, भेगा बघा, मशीन आणि भिंतीच्या मधल्या पट्ट्यात पाऊल टाकू नका. सगळं तोंडपाठ होतं.

मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "मॅडम, आपने हायवॉल देखा है?"

आता "नाही" म्हणायला काय झालं होतं? पण पहिला दिवस, सहा पुरुष, आणि माझ्या हातात पॉइंटर. मी म्हटलं, "हां, देखा है ना."

"कितना ऊँचा था?"

मी मनात आमच्या अपार्टमेंटचा अंदाज घेतला. "चार मंज़िल."

सहाही जण एकमेकांकडे बघायला लागले. मग तो अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, वो कंपाउंड वॉल होगा."

*

एका बॅचला मी कुलपाचा नियम शिकवत होते. मशीन दुरुस्तीला घेतलं की ज्याला हात आत घालायचाय त्याने स्वतः मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. कुलपावर त्याचं नाव, त्याचा फोटो. आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. कारण ते कुलूप नसतं, आत एक माणूस आहे याची खूण असते.

मला स्वतःलाच हे इतकं आवडलं की सर्वांकडून तीनदा म्हणवून घेतलं. "किल्ली किसकी?" "जिसका ताला उसकी!"

दुपारी मॉक ड्रिल होतं. सायरन वाजला. पोरं शिस्तीत रांगेने निघाली, धक्काबुक्की नाही, बॅगा उचलणं नाही. मला अगदी अभिमान वाटला. रांग इमर्जन्सी दरवाजापाशी गेली आणि थांबली.

दरवाजाला कुलूप!

तुळजाराम सर स्टॉपवॉच हातात घेऊन ओरडायला लागले, "यार मा, कुणी लावलं हे? सिक्युरिटीला बोलवा!" सिक्युरिटीवाला म्हणाला, "गोत्तिल्ला सार," म्हणजे माहीत नाही. चिन्मय म्हणाला, "मी नाही." मीही तावातावाने पुढे झाले, "सेफ्टी सेंटरमध्ये असला बेजबाबदारपणा? कुणाचं आहे हे कुलूप?"

रांगेतला पहिला ऑपरेटर वाकून बघत होता. तो सरळ झाला आणि बाजूला सरकला.

लाल कुलूप. त्यावर माझं नाव, माझा फोटो. फोटोत मी हसत होते.

दोन दिवसांपूर्वी लोक त्या दाराने बिडी ओढायला जातात म्हणून मीच लावलं होतं. वर्गातलं डेमोचं कुलूप जवळ होतं, तेच लावलं. आणि किल्ली? ती जे. पी. नगरला, दुसऱ्या पर्समध्ये!

*

पुढचा किस्सा चिन्मयचा, पण त्यातही मी आहेच.

जॉयस्टिकखाली एक खटका असतो. तो दाबून धरला तरच मशीन चालतं. ऑपरेटरला चक्कर आली, झटका आला, हात सुटला की मशीन आपोआप बंद. इंग्रजीत त्याला डेड मॅन स्विच म्हणतात. चिन्मयने सगळी लेबलं हिंदीत करायला घेतली, कुठल्याशा ॲपमधून केली, मी न वाचता सही केली आणि ती चिकटवली गेली.

त्या बॅचचा एकही माणूस सिम्युलेटरवर मशीन सुरू करू शकेना. सहाच्या सहा! नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांचे अनुभवी लोक. चिन्मय म्हणाला, सॉफ्टवेअर गंडलंय. दोन दिवस तो केबिनखाली झोपून वायरी तपासत होता. मी वर्गात जरा आवाज चढवून म्हटलंसुद्धा, "इतकं साधं जमत नाही?"

ते सगळे मान खाली घालून ऐकून घेत होते. तिसऱ्या दिवशी त्यातला सर्वांत वयस्कर चहाच्या वेळी माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानिए. वो नीचेवाला बटन हम लोग जान-बूझके नहीं दबाते. घर में बाल-बच्चे हैं."

मी केबिनमध्ये जाऊन वाकून बघितलं. खटक्याखाली सुबक अक्षरांत लेबल होतं : "मृत व्यक्ति बटन."

*

रविवारी ऑपरेटरांना सुट्टी असते. बेंगळूर बघायला जातात. आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला मी निअर मिसचा फॉर्म शिकवते. म्हणजे अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तर लपवायचं नाही. जागा, मशीन, ऑपरेटर, काय घडलं, काय उपाय केला, सगळं लिहायचं. "ज्या खाणीत हे फॉर्म भरले जातात तिथे माणसं मरत नाहीत," असं एक वाक्य मी दर वेळी टाळ्यांसाठी टाकते.

अशाच एका रविवारी नणंद आली होती. तिला मल्लेश्वरमला गौरीच्या सामानाची खरेदी करायची होती. स्कूटरवर आम्ही दोघी, मधे केळीचे खांब, माझ्या मांडीवर फुलांची पिशवी. हेल्मेट घातलं तर अंबाडा बिघडतो म्हणून ते हुकाला लटकवलेलं. आणि पुढून वळसा घ्यायला नको म्हणून जेमतेम पन्नास पावलं, खरंच जेमतेम, मी उलट बाजूने स्कूटर घातली. समोरून बस आली. मी कट मारला, केळीचा खांब एका काकांच्या पोटाला लागला, काका कन्नडमध्ये जे बोलले ते मी नणंदेला सांगितलं नाही. संपलं.

सोमवारी टेबलावर एक फॉर्म होता. अक्षर सुरेख.

जागा : मल्लेश्वरम बाजार. मशीन : स्कूटर, राखाडी. ऑपरेटर : हमारी मॅडम. घटना : रिव्हर्स डायरेक्शन, ओव्हरलोड, लोड बांधा नहीं था, पीपीई यानी हेल्मेट हुक पे था.

उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं : "हम छह लोग फूलवाले के पीछे छुप गए, ताकि मॅडम को शरम न आए."

*

आता मडावींचं सांगते. बाजीराव मडावी. चंद्रपूरकडचे, पन्नाशीचे, काटक. वीस वर्षं डंपर चालवला, मग या मशीनवर आले. आमच्याकडे बहुतेक लोक हिंदी बोलतात, त्यामुळे मराठी बोलणारा माणूस आला म्हणून मला आनंद झाला. त्यांची मराठी वेगळी, माझी वेगळी. मी बेंगळुरी सवयीने "ठीक आहे"ऐवजी "सरी" म्हटलं की ते "कोनाची?" विचारायचे.

सिम्युलेटरमध्ये एक कॅमेरा आहे. ऑपरेटरची नजर किती वेळ स्क्रीनवर होती ते तो मोजतो. मडावी बसले. हात इतका हलका की तुळई तुळईला टेकल्याचा आवाज येऊ नये. कटर एका रेषेत आत. चिन्मय म्हणाला, "बाप माणूस आहे." आणि शेवटी स्क्रीनवर लाल अक्षरं आली : नापास. लक्ष नाही.

मी रेकॉर्डिंग बघितलं. हा माणूस दर थोड्या वेळाने मान वाकडी करून वर बघत होता. वर काय? फॉल्स सीलिंग आणि एसीची जाळी.

मी बोलावलं. "मडावी, वर काय बघता सारखं?"

"भित पाहतो जी."

"भिंत समोर आहे ना, स्क्रीनवर."

"समोर तं कोयसा आहे. भित वरून येते."

मी काय केलं असेल? समजावलं. मी, त्यांना! म्हटलं, कॅमेरा मार्क कापतो, स्क्रीनवर बघत जा. चिन्मयच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून दगड पडण्याची सोयच नव्हती, ते ग्राफिक्स महाग पडतं म्हणून आम्हीच काढून टाकलं होतं. हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. पूर्ण वेळ नजर समोर. पूर्ण मार्क. मी अभिनंदन करायला गेले तर मान चोळत होते. म्हणाले, "धरून ठेवली जी. हितं चालते. हितं काई पडत नाई."

*

त्यानंतर मात्र मी तुळजाराम सरांच्या मागे लागले, मला खाण बघायची आहे. सर म्हणाले, "स्वल्प थांब अम्मा, बजेट येऊ दे." बजेट आलं आणि मी गेले. गेले ती मडावींच्याच खाणीवर.

चार मजले! कंपाउंड वॉल! मला त्या पहिल्या बॅचच्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मान पाठीला टेकवली तरी वरचा काठ दिसेना. खाली मशीन चालू होतं, केबिनमध्ये मडावी. मशीनच्या पुढे भिंतीपर्यंतच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चुन्याची जाड रेघ. त्या रेघेबद्दल मी किती वर्षं बोलत होते! मॅनेजर मला रेघेच्या बाहेर उभं करून म्हणाले, "इथूनच बघा, मी एक फोन करून येतो."

मला वाटलं, वर्गात दाखवायला एक चांगला फोटो हवा. कटर जिथे आत शिरतं ते तोंड नीट येत नव्हतं. दोन पावलं पुढे गेले. मधे तुळई येत होती, आणखी दोन पावलं. मोबाइलमध्ये बघत चालणाऱ्या माणसाला रेघ दिसत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

एकाएकी सगळं थांबलं. इतका आवाज एकदम बंद झाला की कान दुखले. मग भोंग्यातून मडावींचा आवाज आला, अगदी शांत.

"मॅडम. वर पाहू नका. माह्याकडं पाहा. धावू नका. माह्याकडं या."

मी गेले. किती पावलं होती ते आठवत नाही. रेघेबाहेर आले. मडावींनी केबिनमधली पाण्याची बाटली दिली.

मॅनेजर धावत आले. असं मशीन अचानक बंद केलं की आतला गॅस तपासा, केबल तपासा, पुन्हा सुरू करेपर्यंत अर्धी शिफ्ट जाते. "कुणी बंद केलं?"

"मी," मडावी म्हणाले. "वरून खडे आले."

"कुठे आहेत?"

मॅनेजरनी पट्टा बघितला. त्या जमिनीवर दगड आणि कोळसा याशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्यात नवा खडा कुठला आणि जुना कुठला? भिंत बघितली. काही हललेलं दिसेना. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच उभी होते. हातात मोबाइल, पदराला कोळसा. मी तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हा माणूस मला वाचवायला खोटं बोलतोय, चूक माझी आहे.

मी पाणी प्यायले.

*

मग दोन महिन्यांनी नव्या बॅचची यादी आली. सहावं नाव, बाजीराव मडावी. नावापुढे कारण : "विनाकारण मशीन बंद केले. पुन्हा प्रशिक्षण."

आणि प्रशिक्षण देणार कोण? मी!

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. "मशीन थांबवणाऱ्याला का थांबवलं म्हणून कधीच रागवायचं नाही," हे वाक्य दर बॅचला म्हणते, त्या बॅचला म्हणताना मी फळ्याकडे तोंड केलं. मडावी पहिल्या बाकावर बसून ते वहीत लिहून घेत होते. मी जेवायला उशिरा जायची, म्हणजे ते जेवून उठलेले असायचे. त्यांनी एकदा घरचे मोहाचे लाडू आणून दिले, "पोरीनं केले" म्हणाले. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले.

शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा. टेबलाच्या अलीकडे तुळजाराम सर आणि मी, पलीकडे मडावी. सरांनी फाइल उघडली.

"मडावी, इथे लिहिलंय विनाकारण. कारण काय होतं?"

"खडे, साहेब."

"तपासलं तेव्हा खडे सापडले नाहीत, असं लिहिलंय."

सरांनी पेनचं टोपण काढलं. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकलं. तो शेरा एकदा पडला की माणूस मशीनवरून खाली उतरतो, हे मला माहीत होतं. आणि मडावींनाही.

"सर," मी म्हटलं. "खडे पडले नव्हते. मी रेघ ओलांडून आत गेले होते, फोटो काढायला. माझ्यासाठी मशीन थांबवलं त्यांनी. खड्यांचं खोटं बोलले तेही माझ्यासाठीच. मॅनेजर समोर उभे होते आणि मी गप्प बसले."

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. सर चिडले की ओरडतात, त्याची मला सवय आहे. त्या दिवशी ओरडले नाहीत.

"दोन महिने, अम्मा?"

"हो."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही. मॅनेजरच्या नावाने. जसं घडलं तसं." मी लिहिलं. खाली सही केली. सही अशी आली की बँकेने परत पाठवली असती. सरांनी कागद वाचला, फाइलला लावला आणि मडावींकडे वळले.

"ही म्हणते ते सगळं खरं आहे?"

मडावींनी माझ्याकडे बघितलं. अर्धं गणित बरोबर सोडवलेल्या पोरीकडे बघावं तसं.

"मॅडम आत आल्या होत्या, ते खरं आहे जी."

"मग खड्यांचं का खोटं बोललात?"

"खोटं काहून बोलीन साहेब?" मडावी म्हणाले. "पडले ना. एक मॅडमच्या मागं, एक पुढं. त्या फोटो काढत होत्या."